कुत्रा थांबेल तिथे वाकून बघा : रानफुलं बघत फिरण्याची रीत

माझी कुत्री भुरी दोन-तीन वर्षांची होती तेव्हा आमचं फिरणं म्हणजे नुसती ओढाताण. ती कुठल्या तरी खांबापाशी हुंगत थांबायची आणि मी "चल गं, चल" करत तिला पुढे ओढायचे. तेरावं वर्ष लागलं आणि तिचे मागचे पाय आखडले. आता घाई करण्यात अर्थच उरला नाही. एका सकाळी कुंपणाच्या कडेला ती बराच वेळ नाक खुपसून उभी राहिली, म्हणून मीही शेजारी उकिडवी बसले. तिच्या नाकापासून वीतभर अंतरावर केन्याचं एक फूल उमललं होतं.

केना मी लहानपणापासून बघत आले होते, पण उभ्याने. त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं की फूल हिरव्या द्रोणासारख्या दुमडलेल्या पानातून वर आलंय. दोन निळ्या पाकळ्या कानांसारख्या उभ्या आणि तिसरी खाली, लहानशी, असून नसल्यासारखी. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने या वनस्पतीला कॉमेलिना नाव दिलं त्याचं कारण ही तिसरी पाकळी. डच कॉमेलिन घराण्यातले दोघे वनस्पतिशास्त्रात नावाजले, तिसरा काही करून दाखवण्याआधीच गेला. हे समजल्यापासून मला ती खालची पाकळी कधी दुर्लक्षून पुढे जाता आलेली नाही.

रानफुलं बघायला जो वेग लागतो तो कुत्र्याकडे आधीपासूनच असतो. आपण त्याच्याशी जुळवून घेतलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं कसं करायचं, ते या लेखात सांगते आहे.

रस्ता एकच, आणि तोही छोटा

पहिली पायरी म्हणजे एक फेरी ठरवणं. एरवी वीस-पंचवीस मिनिटांत होईल एवढीच निवडा आणि तिला पाऊण तास द्या. रोज नवा रस्ता शोधू नका. तोच रस्ता बाराही महिने चाललात तर कुठल्या दगडाआड काय उगवतं ते पाठ होतं, आणि एखादं फूल आज नवीन आलंय हे कळण्यासाठी काल ते नव्हतं हे माहीत असावं लागतं.

रस्ता कडेकडेचा हवा. शेताचा बांध, ओढ्याचा काठ, पडीक जागेची हद्द, खडकाळ माळाची धार, जुन्या भिंतीचा पाया. नीट कापलेल्या हिरवळीवर फारसं काही सापडत नाही. कुत्रेही कडेलाच जास्त थांबतात हे तुमच्या लक्षात आलं असेल. खांब, कोपरा, झाडाचा बुंधा इथे आधीच्या कुत्र्यांनी खुणा केलेल्या असतात. आणि गवत कापणाऱ्याचं पातं, माणसांचे पाय, गाड्यांची चाकं याच जागा चुकवतात. म्हणून रानफुलंही तिथेच टिकतात. भुरीच्या थांब्यांपैकी बऱ्याच ठिकाणी मला काही ना काही फुललेलं सापडतं.

एक मात्र आधी तपासा : त्या जागी कुत्रा न्यायला परवानगी आहे का? अभयारण्यात आणि राखीव पठारांवर बहुतेक ठिकाणी नसते आणि ते योग्यच आहे. अशा जागी जायचं तर कुत्र्याला घरी ठेवून जा. मोकळ्या माळावरही विणीच्या दिवसांत त्याला सोडू नका. टिटवी, चंडोल हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, आणि कुत्र्याने काही केलं नाही तरी त्याच्या नुसत्या येण्याने पक्षी उठतो आणि अंडी उन्हात उघडी पडतात.

फिरणं वाटून घ्या

सुरुवातीची दहा मिनिटं पूर्णपणे कुत्र्याची. त्याला हवं तिथे, हवं तेवढं हुंगू द्या. शार्लोट ड्युरांटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २०१९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही कुत्र्यांना दोन आठवडे वास शोधण्याचा सराव दिला, काहींना नुसतं मालकाच्या पायाशी चालण्याचा. त्यानंतर, खाऊ असेल-नसेल अशा संदिग्ध जागी ठेवलेल्या भांड्याकडे वासाचा सराव केलेले कुत्रे आधीपेक्षा लवकर गेले. म्हणजे त्यांची उमेद वाढली होती. मला हे वाचून फार बरं वाटलं, आणि इतकी वर्षं भुरीला ओढल्याचं वाईटही वाटलं.

हुंगून समाधान झालेला कुत्रा नंतर तुमच्यासाठी थांबायला तयार असतो. हे उलट्या क्रमाने करून बघितलंत तर जमणार नाही. ताज्या दमाचा कुत्रा तुम्हाला फुलासमोर दोन मिनिटं बसू देणार नाही.

तीन शब्द शिकवून ठेवा

"थांब", "सोड" आणि "चल". एवढ्यावर भागतं.

"थांब" घरातच सुरू करा. कुत्र्यासमोर उभं राहून शब्द उच्चारा, तीन सेकंद तो हलला नाही की लगेच खाऊ द्या. तीनाचे पाच, पाचाचे दहा. एक मिनिट घरात जमलं की अंगणात, मग रस्त्यावर. तुम्ही उकिडवे बसलात की बहुतेक कुत्र्यांना वाटतं, आपल्याशी खेळायला बसले, आणि ते अंगावर येतात. म्हणून बसून "थांब" हा सराव वेगळा करावा लागतो. भुरीला हे कळायला दोन आठवडे लागले. तरुण, उसळत्या कुत्र्याला महिनाही लागेल. चिडू नका.

"सोड" हा शब्द पुढे त्याचा जीव वाचवू शकतो, म्हणून त्यात कसूर नको. मुठीत खाऊ धरा, कुत्रा चाटेल, ओरबाडेल. तो मागे सरला त्याच क्षणी "सोड" म्हणा आणि दुसऱ्या हातातला खाऊ द्या. मुठीतला कधीच देऊ नका. रानात तो एखादा कंद उकरू लागला की हाच शब्द कामाला येतो.

लीश दीड-दोन मीटरची साधी हवी. आपोआप लांबणारी नको. फोटो काढताना ती हातातून सुटते. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा हार्नेस घाला, कारण तुम्ही अचानक थांबता तेव्हा मानेला हिसका बसतो. मी लीशचं टोक कमरेच्या पट्ट्याला अडकवते, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. कुत्रा दांडगा असेल तर हे करू नका, तोल जाईल.

पिशवीत काय

पाणी आणि घडी होणारं भांडं, शी उचलायच्या पिशव्या, बारीक टोकाचा चिमटा, वही, पेन्सिल (ओल्या हवेत पेन फसतं), आणि दहापट मोठं दाखवणारं खिशातलं भिंग. यातली सर्वांत महत्त्वाची वस्तू भिंग. पण बरेच जण ते चुकीचं धरतात. भिंग फुलाजवळ नेऊन लांबून बघायचं नसतं. ते डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि मग स्वतः फुलाकडे झुकायचं, किंवा फुलाची दांडी अलगद जवळ आणायची, स्पष्ट दिसेपर्यंत. एकदा जमलं की रस्त्याच्या कडेचं कुठलंही तण पुरतं.

फूल बघायचं कसं

नाव शेवटी. मी हे स्वतःला अजूनही बजावते, कारण नाव कळलं की डोळे बघायचं थांबवतात.

आधी जागा बघा : ओल आहे की कोरडं, सावली की ऊन, माती की खडक. मग झाडाची ठेवण : सरळ उभं, पसरलेलं, की कशावर चढलेलं. मग पानं. ती समोरासमोर जोडीने आहेत की आळीपाळीने, हा एकच प्रश्न निम्मे पर्याय बाद करतो. खोड बोटांत हलकेच फिरवून बघा. गोल आहे की चौकोनी? चौकोनी खोड, समोरासमोर पानं, चोळल्यावर वास आणि ओठांसारखं उघडलेलं फूल असेल तर ते बहुधा तुळशीच्या कुळातलं आहे. (त्वचा नाजूक असणाऱ्यांनी अनोळखी पान चोळू नये.)

सगळी फुलं एकदम शिकायला जाऊ नका, चार-पाच कुळांच्या खुणा शिका. कडधान्यांच्या कुळातलं फूल मटाराच्या फुलासारखं : मागे एक मोठी उभी पताका, दोन्ही बाजूंना पंख, आणि मधे दोन पाकळ्या जुळून झालेली होडी. एकदा मटार नीट बघितला की रानातली शेकडो पिवळी-जांभळी फुलं त्याची भावंडं म्हणून ओळखू येतात. तेरड्याच्या फुलाला मागे शेपटीसारखी बारीक नळी असते. मध तिच्या टोकाला, म्हणून लांब सोंडेच्या किड्यालाच तो मिळतो. तेरड्याच्या पिकलेल्या बोंडाला हात लावा, ते टचकन फुटून बिया उडवतं. भुरी पहिल्यांदा त्या आवाजाने दचकली होती. आता बोंडांना मुद्दाम नाक लावते.

आणि सूर्यफुलाचं कूळ. इथे जरा थांबा, कारण भिंगाची खरी गंमत इथे आहे. सोनकीचं एक फूल घ्या, म्हणजे तोडू नका, झाडावरच बघा. ते एक फूल नसतंच. मधली पिवळी गादी म्हणजे कितीतरी चिमुकली फुलं, प्रत्येकाला पाच दाती कड. ती बाहेरून आत उमलत जातात, म्हणून कडेच्या ओळीत परागकण सांडलेले दिसतात आणि मध्यभागी अजून बंद कळ्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या. बाहेर ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो त्यातली प्रत्येक पाकळीसुद्धा एक स्वतंत्र फूल; तिच्या बुडाशी बघितलंत तर दुभागलेली जिभेसारखी कुक्षी, म्हणजे परागकण झेलणारं टोक, दिसेल. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा भुरी बाजूला पसरून झोपली होती आणि मी एकाच फुलावर अर्धा तास घालवला होता.

गवतालाही फुलं येतात हे विसरू नका. गवत फुललेलं असताना भिंग लावलंत तर लोंबणारे पिवळे किंवा जांभळे परागकोश वाऱ्यावर थरथरताना दिसतात. गवताला किडे बोलवायचे नसतात, म्हणून रंगीत पाकळ्यांचा खर्चच नाही.

कुत्र्याला यातलं काय दिसतं असा प्रश्न मला फार दिवस होता. १९८९ मध्ये अमेरिकेत झालेल्या प्रयोगांनी दाखवलं की कुत्र्यांच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या दोनच प्रकारच्या पेशी असतात. निळा आणि पिवळा त्यांना वेगळा कळतो, तांबडा आणि हिरवा यांत मात्र घोळ होतो. तेव्हा केन्याचा निळा आणि सोनकीचा पिवळा हे आम्हा दोघींचे रंग.

आता नाव

फोटो चार काढा : पूर्ण झाड, फूल समोरून, फूल बाजूने, आणि पानाच्या दोन्ही बाजू. फक्त फुलाचा सुंदर फोटो ओळखायला बहुतेक वेळा पुरत नाही. मापासाठी शेजारी बोट ठेवा. माझ्या बऱ्याच फोटोंत मापासाठी भुरीचा पंजा आहे. हे फोटो आयनॅचरलिस्टसारख्या ॲपवर टाकता येतात. कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी २००८ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम आता जगभर पसरला आहे. ॲप आधी अंदाज सांगतं आणि नंतर जाणकार माणसं दुजोरा देतात. अंदाजावर लगेच विश्वास ठेवू नका. पानांची मांडणी, खोड, जागा जुळते का ते बघा. एखादं झाड विषारी आहे की नाही हे केवळ ॲपवरून कधीच ठरवू नका. आणि दुर्मीळ आमर (ऑर्किड) वगैरे सापडलं तर नेमकं ठिकाण उघड करू नका, ॲपमध्ये ते झाकण्याची सोय आहे.

बोलीतली नावं गोड असतात पण फसवी. गोखरू म्हणजे एका ठिकाणी जमिनीलगत पसरणारं, दुसऱ्या ठिकाणी छातीभर उंच झुडूप. म्हणून वहीत बोलीतलं नाव लिहा आणि शेजारी शास्त्रीय नाव, कॉमेलिना बेंगालेन्सिस असं, पुरं.

आपलं कोणतं आणि पाहुणं कोणतं

रस्त्याकडेला जे फुलतं ते सगळं त्या मातीतलं नसतं. टणटणी, म्हणजेच घाणेरी, मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण भागांतली. गाजरगवतही तिकडचंच. उतारच्या उतार पिवळेधमक करणारा कॉसमॉस मेक्सिकोकडचा. लोक त्याच्यासमोर उभं राहून रानफुलं म्हणून फोटो काढतात.

ओळखायची एक सोपी, अगदी अचूक नसली तरी उपयोगी खूण : एकाच जातीने सगळी जागा व्यापली आहे आणि तिच्या पानांना कोणी साधं भोकही पाडलेलं नाही, तर शंका घ्या. नंतर त्या प्रदेशाच्या वनस्पतींच्या यादीत खात्री करा. स्थानिक झाडांची पानं कुरतडलेली असतात, कारण तिथल्या किड्यांना ती हजारो वर्षांपासून माहीत आहेत. रुईचं पान उलटून बघा, चिकाला हात न लावता. पिवळे-काळे-पांढरे पट्टे असलेली सुरवंटं सापडतील. रुईचा चीक विषारी असतो; तो पचवून ही सुरवंटं स्वतःच बेचव होतात आणि त्यांची नारिंगी फुलपाखरं पक्ष्यांना नकोशी वाटतात. हे नातं परदेशी झाडाशी एका रात्रीत जुळत नाही. माझं मन स्थानिक फुलांत जास्त रमतं ते एवढ्यासाठी : एक फूल बघायला बसलं की त्याच्यामागे अख्खं गाव निघतं.

म्हणून बाजारात मिळणारी "रानफुलांच्या बियांची" मिश्र पाकिटं माळावर उधळू नका. त्यात काय असतं याचा भरवसा नाही. मुळासकट उपटून घरी लावणंही नको. आमरांच्या बियांत अन्नाचा साठा जवळजवळ नसतो, मातीतल्या विशिष्ट बुरशीच्या आधारानेच त्या रुजतात. कुंडीत ती सोबत मिळत नाही आणि झाड झुरून मरतं.

वेळ आणि वही

कुत्रा पाळणाऱ्याला एक गोष्ट आपोआप मिळते : रोज त्याच वेळी, त्याच वाटेने, दोनदा जाणं. केना सकाळी उमलतो आणि दुपारपर्यंत पाकळ्या विरघळल्यासारख्या होऊन मिटतात. संध्याकाळीच फिरणाऱ्याला वाटेल, इथे केना नाहीच. गुलबक्षी, ती पाहुणीच, दिवस कलल्यावर उघडते. पांढरी, दाट वासाची फुलं संध्याकाळी का उघडतात ते एकदा अंधार पडेस्तोवर थांबून बघा, पतंग येतात. लिनियसने १७५१ मध्ये फुलांच्या उघडण्या-मिटण्याच्या वेळांवरून घड्याळाची कल्पना मांडली होती. तुमच्या फेरीवरच्या फुलांचं असं घड्याळ तुम्ही एका हंगामात तयार करू शकता.

वहीत जास्त लिहायला गेलात तर महिन्यात कंटाळाल. माझ्या नोंदीत चारच गोष्टी असतात : तारीख, फुलाचं नाव किंवा चित्र, जागा, आणि त्यावर कोण बसलं होतं. पहिलं फूल दिसलं त्या दिवसाला गोल करते. इंग्लंडमध्ये रिचर्ड फिटर या निसर्ग अभ्यासकाने आपल्या परिसरातल्या झाडांना पहिलं फूल कधी आलं याच्या नोंदी जवळजवळ अर्धं शतक ठेवल्या. त्यांचा मुलगा अ‍ॅलिस्टर आणि त्यांनी मिळून २००२ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. ३८५ जातींचा बहर शेवटच्या दशकात, आधीच्या चार दशकांच्या तुलनेत, सरासरी साडेचार दिवस लवकर आला होता. हवामान बदलतंय याचा हा भक्कम पुरावा एका माणसाच्या फिरण्यातून आणि वहीतून उभा राहिला.

कुत्र्याला झाडांपासून जपा

कळलावीचं फूल ज्वालेसारखं, देखणं, आणि सगळं झाड विषारी. कंद तर सर्वांत जास्त, आणि कुत्र्यांना कंद उकरायची भारी हौस. धोत्रा, कण्हेर, टणटणी हीसुद्धा दूरच ठेवा. कुत्र्याने काही खाल्लं, नंतर लाळ गळतेय, उलट्या होतायत, तोल जातोय असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. मीठपाणी पाजून ओकवणं धोक्याचं आहे. त्या झाडाची फांदी किंवा फोटो घेऊन थेट पशुवैद्य गाठा.

पण सर्वांत जास्त त्रास विषाने नाही, कुसळांनी होतो. गवत वाळायला लागलं की कुसळी गवताचं बी गळायला तयार होतं. एक बी ओल्या तळहातावर ठेवून बघा. एका टोकाला सुईसारखी अणी, तिच्यावर मागे वळलेले राठ केस, आणि मागे पिळदार लांब शेपूट. ओल लागली की शेपटीचा पीळ सुटतो आणि बी हातावर हळूहळू गोल फिरायला लागतं. वाळलं की पीळ परत बसतो. असं फिरत फिरत ते मातीत शिरतं, आणि मागे वळलेल्या केसांमुळे मागे येत नाही. कातडीतही तसंच. एकदा भुरी दोन दिवस डोकं एका बाजूला कलवून झटकत होती. मला वाटलं कानात पाणी गेलं असेल. डॉक्टरांनी तिला गुंगी देऊन कानातून कुसळ काढलं, तोवर ते पडद्यापर्यंत पोचलं होतं. त्या दोन दिवसांची हळहळ अजून जात नाही. वाळलेल्या गवतात नेऊच नका, आणि डोकं झटकणं, एकाच बोटाला चाटत राहणं, अचानक लागोपाठ शिंका, यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका.

उन्हाचंही भान ठेवा. हाताची मागची बाजू जमिनीवर पाच-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सहन होत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही होणार नाही.

आणि झाडांना कुत्र्यापासून

हा भाग मनाला लावून घ्यावा असा आहे. बेल्जियममधल्या गेंट शहराजवळच्या राखीव निसर्गक्षेत्रांत संशोधकांनी फिरायला येणारे कुत्रे मोजले आणि २०२२ मध्ये निष्कर्ष मांडले : कुत्र्यांच्या मलमूत्रातून वर्षाला हेक्टरी सुमारे ११ किलो नायट्रोजन आणि ५ किलो फॉस्फरस जमिनीत जात होता. ऐकायला हे खत चांगलं वाटतं. पण बहुतेक नाजूक रानफुलं टिकतात ती भुकेल्या मातीत. खत मिळालं की उंच गवत माजतं आणि ही बुटकी फुलं सावलीत गुदमरतात. दवबिंदू किंवा सीतेची आसवं यांसारख्या वनस्पती तर माती निकस म्हणूनच किडे पकडून नायट्रोजन मिळवायला शिकल्या.

तेव्हा शी उचला, प्रत्येक वेळी, झुडपात केलेली असली तरी. फॉस्फरस जवळजवळ सगळा तिच्यातूनच जातो. पिशवी बांधून वाटेवर ठेवून जाऊ नका, कचरापेटीपर्यंत न्या. मूत्र उचलता येत नाही, म्हणून दुसरा उपाय : फुलांच्या जागी पोचण्याआधीच, रस्त्याच्या सुरुवातीला, त्याला सगळं उरकायला वेळ द्या. ती सुरुवातीची दहा मिनिटं याही कामाला येतात. दवबिंदू असणाऱ्या ओल्या खडकापासून मी भुरीला दहा पावलं लांब बसवते.

गोचिडांसाठी मानेवर सोडायच्या औषधांबद्दलही सांगायला हवं. त्यातली इमिडाक्लोप्रिड, फिप्रोनिलसारखी द्रव्यं सगळ्याच कीटकांना मारक असतात आणि इंग्लंडमधल्या नद्यांच्या पाण्यात ती आढळली आहेत. औषध बंद करा असं मी म्हणत नाही, गोचिडांनी कुत्रा दगावू शकतो. पण औषध घातल्यावर काही दिवस त्याला ओढ्यात, डबक्यात उतरू देऊ नका. किती दिवस ते पशुवैद्याला विचारा.

घरी आल्यावर

पायरी शेवटची, पण मला सर्वांत आवडती. भुरीला जुन्या चादरीवर आडवं करते आणि क्रमाने तपासते : कान आतून-बाहेरून, डोळ्यांच्या कडा, काखा, पोट, शेपटीखाली, आणि प्रत्येक पायाच्या बोटांच्या बेचक्या. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढते. रॉकेल, जळती काडी असलं काही नको. मग कंगवा.

कंगव्यात आघाड्याची फळं येतात. आघाड्याची फुलं उमलून झाली की दांडीवर उलटी मान घालून बसतात आणि त्यांच्या टोकदार कडा जाणाऱ्याच्या केसांना धरतात. १९४१ साली स्वित्झर्लंडमध्ये जॉर्ज द मेस्ट्राल हे अभियंते कुत्र्याला घेऊन रानातून परतले तेव्हा कुत्र्याच्या केसांत आणि स्वतःच्या कपड्यांत अशीच, बर्डॉक नावाच्या झाडाची काटेरी फळं अडकली होती. त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली, टोकाला बारीक आकडे दिसले, आणि त्यातून पुढे वेल्क्रो तयार झालं. भुरीच्या हार्नेसवरचं "चर्र" करून उघडणारं बंदसुद्धा तेच.

कंगव्यातलं बी मी फेकत नाही. ज्या झाडाचं आहे ते ओळखीचं आणि तिथलंच असेल तर दुसऱ्या दिवशी त्याच वाटेवर परत ठेवते. गाजरगवताचं किंवा न ओळखलेलं असेल तर बंद करून कचऱ्यात, कारण एका माळाचं तण दुसऱ्या माळावर नेणारे आपणच असतो. एक-दोन बिया मात्र वहीच्या पानावर चिकटपट्टीने लावते, खाली तारीख आणि कुठून आली ते : डावी काख, शेपूट, उजवा कान. आजच्या पानावर आघाड्याचं एक आणि ओळखू न आलेलं, करड्या रंगाचं, तीळभर एक. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह आहे. भुरी उद्या परत त्याच कुंपणापाशी थांबेल, तेव्हा खाली बघेन.